नाव न घेता मारलेली हाक

रेशीमकिड्यांची पाखरं, म्हणजे पतंग, बांधायच्या दिवसांत शिगोऊ गावच्या ओकच्या डोंगरावर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. नवरा बायकोला "ओय" म्हणतो, बायको नवऱ्याच्या दिशेनं खडा भिरकावते, आणि पोरांना शीळ घालून बोलावतात. परक्या माणसाला हे पाहून हसू येतं. त्यानं हसावं, पण खाली येऊन हसावं.

युएचिन लग्न होऊन आली तेव्हा तिलाही हसू आलं होतं. तिचं माहेर नदीकाठचं, भाताचं. तिकडे माणसं बांधाबांधावरून एकमेकांची नावं घेऊन भांडतात. पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं तिला डोंगराच्या पायथ्याशी उभं केलं आणि सांगितलं, "इथून वर नाव घ्यायचं नाही. डोंगर नाव शिकतो. एकदा शिकला की मग तोच हाक मारायला लागतो." पुढे सासू गेली आणि युएचिनच सगळ्यांना दटावू लागली. बाहेरून आलेली माणसं घरच्यांपेक्षा कडक होतात, तसंच तिचं झालं.

त्या वर्षी कोष चांगले भरले होते. छपराखाली टोपल्या टांगलेल्या होत्या आणि दुपार कलली की त्यांतून बारीक खरवडल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. कोषाचं एक टोक ओलं व्हायचं आणि त्यातून चुरगळलेलं, भिजलेलं काहीतरी बाहेर ढकललं जायचं. मग ते टोपलीच्या कडेला लटकायचं आणि हळूहळू त्याचे पंख भरत जायचे. शेवटी हाताच्या पंजाएवढा पतंग तयार. रंग वाळल्या ओकच्या पानाचा. चारही पंखांवर एकेक गोल काच असल्यासारखी खिडकी, आरपार दिसेल अशी. त्या चार डोळ्यांनी तो तुमच्याकडे बघतो असं वाटतं, पण तसं काही नसतं. नरांच्या मिशा पिसांसारख्या. रानातल्या मादीचा वास त्यांना डोंगरापलीकडून येतो म्हणतात. मादी अंड्यांनी इतकी जड असते की तिला धड उडताही येत नाही. या पाखरांना तोंडच नसतं. खाणं-पिणं सगळं अळी असताना उरकलेलं, आता फक्त अंडी घालायची आणि मरायचं.

जोड्या जमून सुटल्या की नर बाजूला काढायचे. माद्यांचे पंख भिजवलेल्या गवताच्या काडीनं दोन-दोन एकत्र बांधायचे आणि जोडी ओकच्या फांदीवर खोगिरासारखी टाकायची. ती तिथंच अंडी घालते. त्यातून काळ्या केसाएवढ्या अळ्या निघतात, पानं खाऊन खाऊन बोटाएवढ्या हिरव्यागार होतात, शरद ऋतूत पानात गुंडाळून कोष करतात आणि बर्फ पडायच्या आत खाली आणल्या जातात. युएचिनला हे सगळं आवडायचं. फक्त ते गवत आवळताना बोटाखाली होणारी धडपड तिला कधी सवयीची झाली नाही.

त्या दिवशी तिची सहा वर्षांची मुलगी तांगली बरोबर होती. एका मादीची काडी सैल निघाली, ती पडत-उठत, फडफडत चढावर गेली, आणि तांगली हसत तिच्यामागे. खाली ओकची झाडं दरवर्षी छाटून माणसाच्या उंचीची ठेवलेली असतात, पण वर जुनं रान आहे, तिथं कुणी कोयता लावत नाही. तांगली त्यात शिरली. युएचिननं शीळ घातली. पुन्हा घातली. नाव तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

उन्हं उतरताना पोर सापडली. एका जुन्या खोडाशी बसलेली होती, डोळे उघडे, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण ती बघत नव्हती आणि बोलत नव्हती. तोंडात पेज घातली तर गिळायची, नाही घातली तर मागायची नाही. छंगआननं, तिच्या बापानं, तिला ट्रॅक्टरवर घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं सगळ्या तपासण्या केल्या आणि शरीर ठीक आहे असं सांगितलं. गाव म्हणालं, शरीर ठीकच आहे, आत कुणी नाही.

"फू दानियांगला बोलाव," शेजारणी म्हणाल्या.

दानियांग म्हणजे थोरली काकू. अख्खं गाव तिला तसंच म्हणायचं. घाबरून जीव कुठंतरी राहिलेल्या पोरांना परत बोलवायचं, तर दोन बाया लागतात. एक हाक मारते, ती पोराची आई. दुसरी त्या हाकेला "आलं" म्हणून ओ देते. ओ दिल्याशिवाय जीव येत नाही. निम्म्या गावाची ओ फू दानियांगनं दिली होती. तिच्या स्वतःच्या सुहेला मात्र कुणी बोलावलंच नाही.

सुहेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. फार वर्षांपूर्वी, पतंगांच्याच दिवसांत, फू दानियांगनं जेवायला म्हणून पायथ्याशी उभं राहून डोंगराकडे तोंड करून आरोळी ठोकली होती, "सुहे! ए सुहे!" पोर आली, जेवली. संध्याकाळी आई चुलीपाशी होती आणि डोंगरावरून तशीच हाक आली, त्याच आवाजात. "मा बोलावतेय," असं शेजारच्या पोरांना सांगून सुहे वर गेली. ती सापडली नाही. तिचा जीव बोलवायला फू दानियांग घरोघर फिरली, पण ओ द्यायला कुणी तयार होईना. जीव बोलवून घालणार कशात, असं लोक म्हणाले. ओट्यावर निजलेलं शरीर तर हवं. लोकांचं चुकलं असं म्हणता येत नाही, पण ते शब्द तिच्या तोंडावर बोलायला नको होते.

म्हातारी आली तीच चरफडत. युएचिन दारातच रडायला लागली.

"रडून दाखवायला बोलावलंस की कामाला?" फू दानियांग म्हणाली. "पोरीचं वापरलेलं जाकीट काढ. धुतलेलं नको, घामाचं हवं. आणि नवऱ्याला सांग, मधे मधे कडमडू नकोस."

"मी काय कडमडतो, दानियांग?" छंगआन म्हणाला. "मी फक्त एवढंच म्हणतोय, वर नाव घेऊ नका. पुढच्या कोषांचं सगळं बी, अंडी आणि माद्या, फांद्यांवर आहे."

"तुझं बी मोठं लाडकं."

"बियाचं जाऊ दे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला तर माहीत आहे, मी कशाला म्हणतोय ते."

म्हातारीनं जाकीट झटकलं आणि पुढे चालू लागली.

सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. जुन्या रानाच्या कडेला युएचिननं जाकीट दोन्ही हातांवर पसरून धरलं. खालच्या फांद्यांवर बांधलेल्या माद्या एकाच वेळी थरथरत होत्या. नाव घ्यायचं नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आपण नाव घेतलं तर डोंगर ते शिकेल, आज पोर परत मिळेल आणि उद्या तो तिला बोलवून नेईल, ही तिला भीती होती. म्हणून तिनं हाक मारली ती अशी:

"लेकरा, घरी ये! आई वाट बघतेय, घरी ये गं बाळा!"

"आली," मागून फू दानियांग म्हणाली.

"घरी ये गं बाळा!"

"आली, आली."

दुसऱ्या वेळी म्हातारीचा आवाज फाटला. युएचिनला वाटलं, वय झालं.

रानातून नर यायला लागले. आधी एक, मग किती ते कळेना. ते जमिनीलगत, झाडांमधून वाट काढत, आवाज न करता येत होते. खालच्या माद्यांकडे जायचं सोडून ते दोघींभोवती फिरू लागले. युएचिनच्या केसांवर, मानेवर कोरडे पंख लागत होते. मग एक जाकिटावर बसला. कॉलरपाशी गेला, पंख मिटले, पुन्हा उघडले. चारही खिडक्यांतून तिला जाकिटाची निळी छपाई दिसली.

तिनं जाकीट मिटलं. आता बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. दोघी उतरल्या.

घरी निजायच्या ओट्यावर तांगलीच्या छातीवर तिनं जाकीट उघडलं. पाखरू चालत गळ्यापर्यंत गेलं, हनुवटीवर थांबलं, मग उडून आढ्याला बसलं. तांगलीनं पापण्या मिटल्या, उघडल्या आणि ती उठून बसली. छंगआन भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. युएचिननं तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "दुखतंय." तो आवाज तिचाच होता.

"भूक लागली का गं?"

"हो. ते तळलेले किडे आहेत का?"

घरात खमंग वास येत होता खरा, शेजारणीनं मीठ-मिरी लावून तळलेले कोषातले किडे आणून ठेवले होते. तांगलीनं ते जन्मात तोंडात घातले नव्हते. वाटी समोर आली की ती नाक दाबून पळायची. आज तिनं मूठ भरून घेतले आणि एकेक दाताखाली फोडत सगळी वाटी संपवली.

"बघ, आजारानं पोर शहाणी झाली," छंगआन म्हणाला. युएचिन हसली. तिला हसायचंच होतं.

रात्री पोरीनं कपडे काढून घडी घातली. विजारीचे पाय आत दुमडून, वर पट्टा गुंडाळून, जुन्या बाया घालतात तशी. सकाळी अंगणात चिमण्या आल्या तर तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून एक लांब आरोळी दिली, "हाऽऽ लो लो लो!" अळ्यांवरचे पक्षी उडवायला पूर्वी माणसं असं ओरडत. आता फटाके वाजवतात. ती आरोळी युएचिननं फक्त सासूच्या तोंडून ऐकली होती.

"कुणी शिकवलं तुला हे?"

पोरीनं तिच्याकडे अगदी नीट, मर्यादेनं पाहिलं. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही खूप चांगल्या आहात. मी आता घरी जाऊ का? माझी मा चुलीपाशी एकटी असेल."

युएचिनच्या हातातला डबा खाली पडला. आवाजानं छंगआन बाहेर आला. काय झालं म्हणाला. तिनं सांगितलं, तर तो म्हणाला, भीती डोक्यात बसलीय, जाईल. तिच्याकडे मात्र तो बघेना. तोवर पोर फाटकातून निघून गेली होती. कुठल्या गल्लीत वळायचं हे तिला कुणी सांगायला लागलं नाही.

युएचिन पोहोचली तेव्हा फू दानियांग उंबऱ्यावर बसली होती आणि तिच्या गुडघ्यांत पाठ करून बसलेल्या तांगलीचे केस विंचरत होती. दोन घट्ट वेण्या, टोकाला लाल लोकर. ही लोकर कुठून काढली असेल, किती वर्षं पेटीत राहिली असेल, असं काहीतरी भलतंच युएचिनच्या मनात आलं.

"चल घरी," ती म्हणाली.

"ती घरीच आहे," म्हातारी म्हणाली. पोरीला म्हणाली, "जा, आत जा बाई. पेज ढवळ, खाली लागेल." पोर आत गेली.

"दानियांग, हे काय केलंत तुम्ही?"

"मी काही केलं नाही. मी ओ दिली. तू म्हणालीस लेकरा. म्हणालीस बाळा. नाव घेतलं नाहीस." म्हातारी कंगव्यातले केस काढत होती. "डोंगरात लेकरू माझंही होतं. ते जास्त दिवस वाट बघत होतं, ते आधी आलं."

"तुम्हाला कळलं होतं. तुमचा आवाज..."

"ते पाखरू बसलं तेव्हा कळलं. बोलायचं नसतं तेव्हा, म्हणून बोलले नाही." मग तिनं मान खाली घातली. "खोटं सांगते. बोलायची बंदी नसती तरी बोलले नसते."

युएचिनला तिचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. तिनं विचारलं, "माझी कुठाय?"

"असेल तिथंच. एखाद्या पाखरात."

"पाखरं किती दिवस जगतात ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

म्हातारी उठली आणि आत गेली. आतून पोरीचं हसणं ऐकू आलं. तांगली हसताना शेवटी नाकातून आवाज काढायची. तो आवाज त्या हसण्यात नव्हता.

त्या दुपारी युएचिन डोंगरावर जाऊन आली. बांधलेल्या माद्यांनी अंडी घातली होती, फांद्यांवर तपकिरी ठिपके चिकटले होते. कित्येकींची पोटं रिकामी होऊन आत गेली होती आणि त्या काडीला नुसत्याच लोंबकळत होत्या. खाली गवतात नर पडले होते, पंखांच्या चिंध्या झालेले. मुंग्या लागल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसून एकेक उलटून बघत होती, जणू तिला ओळखता येणार होतं. आता उशीर केला तर काही उरणार नाही हे तिला कळून चुकलं.

"मी नाव घेणार आहे," तिनं घरी येऊन छंगआनला सांगितलं.

"वेडी आहेस का? डोंगर..."

"मग गाव सोडू. ओकचं पान नसेल अशा जागी जाऊ. माझ्या माहेरी भात लावू. तिला काय हाक मारायची ती मारू दे डोंगराला इथून."

तो म्हणाला, "ओ कोण देणार? बाप देऊ शकत नाही."

ते तिलाही माहीत होतं. जाताना ती फू दानियांगच्या दारावरून गेली, थांबली नाही, पण दारापाशी मोठ्यानं म्हणाली, "मी वर चालले आहे."

उजेड होता तोवर ती रानाच्या कडेला पोहोचली. जाकीट पसरलं. या वेळी खालून थरथर आली नाही, सगळं गप्प होतं. तिनं छातीत श्वास भरला आणि सून होऊन आल्यापासून कधी न केलेली गोष्ट केली.

"तांगली!"

डोंगरानं नाव घेतलं आणि एकेका घळीत फिरवलं. "तांगली," पलीकडून आलं, "तांगली," आणखी वरून आलं, आणि शेवटचा आवाज तिच्या आवाजापेक्षा थोडा गोड होता.

"तांगली, घरी ये!"

रानातून एकच पाखरू आलं. एक पंख अर्धा गेलेला, तिरकं, पडत उडत. ते जाकिटावर आपटलं आणि तिथंच फिरू लागलं. बसेना. कडेपर्यंत जायचं, परत यायचं.

"घरी ये!" ती ओरडली, आणि ओ आली नाही. पाखरू उडालं, हातभर वर गेलं, पुन्हा पडलं.

मागे पावलं वाजली. फू दानियांग आली होती, पोरीचा हात धरून. वर चढून म्हातारीला धाप लागली होती. पोरीच्या दोन वेण्या, लाल लोकर, आणि हातात अर्धी खाल्लेली कांद्याची पोळी.

"दानियांग, द्या ना," युएचिन म्हणाली. "पाया पडते. हे मरतंय हो."

म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. ती खाली बसली आणि पोरीच्या गळ्याचं बटण लावू लागली. बटण लागत नव्हतं.

"मा, माझं काही चुकलं का?" पोरीनं विचारलं.

"नाही गं बाई. तुझं काय चुकणार? माझं चुकलं होतं, तेव्हा. पोट भरलं का?"

"हो."

"मग थोडा वेळ डोळे मीट."

पोरीनं डोळे मिटले. फू दानियांगनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि युएचिनला म्हणाली, "मार हाक. लवकर मार, मी बदलायच्या आत."

"तांगली! घरी ये!"

"आली," म्हातारी म्हणाली.

पाखरू जाकिटावर स्थिर झालं. पोर जागच्या जागी खाली बसली. युएचिननं जाकीट तिच्या छातीशी धरलं, उघडलं, आणि पुढचं काही तिनं पाहिलं नाही, कारण तिनं चेहरा त्या लहान मानेत खुपसला होता. मग कानाशी रडवा आवाज आला, "मा, तू कुठं गेली होतीस? मी किती शीळ घातली. माझे पाय दुखतायत." आणि मग, "शी, माझ्या तोंडात काय आहे? कांदा!"

बोलायचं नव्हतं. तिनं पोरीला उचललं, तिचं डोकं खांद्यावर दाबलं आणि उतरायला लागली. फू दानियांगच्या बाजूनं जाताना तिनं म्हातारीच्या बाहीला हात लावला. एवढंच. मागे बघायचं नव्हतं.

छाटलेल्या झाडांच्या मधोमध ती आली असेल, तेव्हा वरून आवाज आला.

"सुहे! घरी ये!"

आणि मग गप्प. ओ मावेल एवढी जागा सोडलेली. युएचिनला ती जागा पाठीवर जाणवली.

"सुहे! घरी ये गं!"

खाली गावात दारं उघडली होती. लोक अंगणात उभे होते, धुरात त्यांचे नुसते आकार दिसत होते. सगळे ऐकत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. त्यात निम्मे तरी असे होते, ज्यांना त्या बाईनं ओ देऊन परत आणलं होतं.

"सुहे!"

तांगलीनं खांद्यावरून डोकं उचललं. गावातल्या प्रत्येक पोराला ती हाक माहीत असते आणि तिचं उत्तरही माहीत असतं, खेळतानासुद्धा पोरं तेच म्हणतात. म्हातारी एकटीच ओरडतेय आणि तिला कुणी काही म्हणत नाही, याचं तिला वाईट वाटलं असावं. तिनं श्वास घेतला, मान डोंगराकडे वळवली आणि ती म्हणायला लागली, "आ..."

ओ मिळाली की सुहे येणार होती, आणि शिरायला तिला हेच एक अंग ठाऊक होतं. युएचिननं तिच्या तोंडावर तळहात दाबला.

पोर धडपडली. तिचा गरम श्वास बोटांच्या फटींतून येत होता. युएचिन रडत होती, पण हात तिनं सैल केला नाही, पावलंही नाही. वरून पुन्हा हाक आली, पुन्हा तेवढीच जागा सुटली, आणि ती पोरीचं तोंड तसंच आवळून, लोकांमधून वाट काढत, घरात शिरून दार लावेपर्यंत चालत राहिली.